मागे जाणारी गाडी

फेब्रुवारीत मी आणि माझ्या वन्सं शहापूर-मुरबाड भागात चार दिवस जाऊन आलो. आल्यापासून जो तो विचारतोय, माळशेज बघितला का. नाही बघितला. घाटाच्या पायथ्याच्या वैशाखऱ्यापर्यंतसुद्धा पोचलो नाही. सिद्धगड मात्र दोन दिवस समोर होता, पण आमचं त्याच्याकडे लक्ष कुठलं! आम्ही बघत होतो साबणाच्या वडीहून जराशी मोठी एक लाकडी गाडी. आता एवढ्यासाठी नाशिकहून घाट उतरून कोण जातं, असं वाटत असेल तर ऐका.

मी तीस वर्षं कारखान्यात सर्किटवर डाग लावत बसले. म्हणजे सोल्डरिंग. निवृत्त झाल्यावर हात स्वस्थ बसेनात, तेव्हा मी लहान मुलांसाठी हा खेळ बनवला. गाडीसोबत एक लाकडी पाटी असते, पाटीला आठ खाचा. खाचांत रंगीत ठोकळे बसवायचे. निळा म्हणजे एक घर पुढे, पिवळा म्हणजे उजवीकडे वळ, हिरवा म्हणजे डावीकडे. लाल म्हणजे शेवटचं काम पुन्हा कर. ठोकळे लावून बटण दाबलं की गाडी त्याच क्रमाने जमिनीवर चालते. मधे गाडीला हात लावायचा नाही. चुकली तर कुठला ठोकळा चुकला ते शोधायचं आणि बदलायचं. प्रोग्रामिंग म्हणून ज्याचा एवढा बाऊ करतात, त्याची सुरुवात एवढीच. पडदा नाही, इंग्रजी नाही, माऊस नाही. "मागे" असा ठोकळा मी केला नव्हता. भाच्याने सुचवलं होतं, तर मी त्याला ठणकावून सांगितलं, की मुलांना पुढे जायला शिकवायचंय मला, मागे जायला नाही. असला तोरा.

कुमुदवन्सं माझ्या यजमानांच्या थोरल्या बहीण. चौतीस वर्षं प्राथमिक शिक्षिका. त्यांचा यंत्रांवर विश्वास नाही आणि माझ्या स्वभावावर तर त्याहून नाही. "मंदा, तू एकटी गेलीस तर मुलांना ओरडशील," म्हणाल्या आणि पिशवी भरून तयार. ते खरं ठरलं, हे मी आधीच कबूल करते.

सोमवार, किन्हवली

शहापूरला एसटी बदलून किन्हवली. गाव मोठं, शाळाही मोठी, पटांगणात गुळगुळीत फरशी. माझ्या गाडीला असली जमीन म्हणजे माहेर. पहिल्या तासातच चौथीच्या मुलांनी गाडी खडूच्या घरापासून खडूच्या विहिरीपर्यंत नेली. मग विहिरीवरून देवळात. मग एकाने विचारलं की हिला परत घरी आणू का, आणि चारदा वळवून आणलीसुद्धा. मी फुगले. वन्संना कोपराने ढोसलं. त्या म्हणाल्या, "उद्याचं उद्या बघू."

दुपारी तिथल्या एका बाईंच्या घरी जेवलो. वालाचं बिरडं, सुकटीची चटणी आणि तांदळाची भाकरी. आमच्याकडे बाजरीचं पीठ नुसतं मळून थापायचं की झाली भाकरी. इथे पाणी उकळून त्यात पीठ घालायचं, उकड काढायची, चटके सोसत मळायची, मग थापायची. मी म्हटलं, द्या, मी करते एक. माझी भाकरी परातीतून उचलताना तिचे तीन तुकडे झाले. बाईंच्या सासूबाईंनी ते तुकडे जोडून तव्यावर टाकले आणि ती भाकरी बरोबर माझ्याच ताटात वाढली. वन्सं पोट धरून हसत होत्या.

संध्याकाळी जाधव गुरुजी आम्हाला न्यायला आले. सिद्धगडाच्या बाजूला एका पाड्यावर त्यांची चौथीपर्यंतची शाळा आहे, मुलं सगळी मिळून अकरा. याच गुरुजींनी मला तीन पत्रं लिहिली होती. हल्लीच्या काळात पोस्टाने, निळ्या शाईत. त्यांच्यासाठीच खरं तर आम्ही आलो होतो आणि आणलेला संच त्यांच्याच शाळेत ठेवायचा होता. मुरबाडच्या रस्त्याला जीपमध्ये बसल्यावर त्यांनी कारण सांगितलं. चौथी झाली की त्यांची मुलं खाली रस्त्यावरच्या मोठ्या शाळेत पाचवीला जातात. तिथे कॉम्प्युटरची खोली आहे. गेल्या वर्षी त्यांची चार मुलं गेली. दिवाळीत भेटली तेव्हा गुरुजींनी हौसेने विचारलं, कॉम्प्युटरवर काय काय शिकलात? मुलं म्हणाली, आमी बघतो. रस्त्यावरची मुलं चालवतात, आमी मागं उभं राहून बघतो. कुणी मारलं नव्हतं, कुणी हाकललं नव्हतं. "तुमाला नाय येत" एवढंच कुणीतरी पहिल्या दिवशी म्हणालं होतं, आणि मुलांना ते पटलं होतं.

"मॅडम, मला प्रोग्रामर नाय घडवायचे," गुरुजी म्हणाले. "पोरांनी पहिल्या दिवशी हात पुढं करावा. बस, तेवढं."

या वर्षी चौथीत सहा जण होते. गुरुवारी त्यांना घेऊन आपण मोठ्या शाळेत जायचं, पाचवीच्या मुलांबरोबर खेळायचं, असं गुरुजींनी तिथल्या मुख्याध्यापकांशी ठरवून ठेवलं होतं.

मंगळवार, पाड्यावर

भात कापून गेलेली खाचरं, बांधांवर पळस पेटलेला, मागे गडाचा काळा सुळका. शाळा दोन खोल्यांची आणि लख्ख सारवलेल्या ओट्याची. सकाळी गेल्या गेल्या कोरा चहा मिळाला. आमच्याकडे पाहुण्याला बिनदुधाचा चहा देणं म्हणजे अपमान, इथे तो गूळ घालून इतक्या मायेने पुढे केला की मी दोन पेले प्यायले.

गुरुजींनी सुचवलं की विहीर आणि देऊळ नको, यांना शेत देऊ. त्यांनी ओट्यावर रांगोळीने खाचर काढलं, त्यात चौकटी आखल्या. गाडीने लावणी करायची. बांधापासून सुरुवात, गाडी ज्या चौकटीवरून जाईल तिथे मुलांनी पळसाचं फूल ठेवायचं. फूल म्हणजे रोप. मला कल्पना फार आवडली.

पहिल्या गटाने ठोकळे बरोबर लावले. पण गाडी ठेवली उलटी! खाचराकडे पाठ, बांधाकडे तोंड. बटण दाबल्यावर ती गेली ओट्याच्या कडेला आणि धपकन खाली. चाक निखळलं. मी ते बसवलं, गाडीचं तोंड कुठलं ते दाखवलं, पुढे दोन काळे डोळे रंगवलेत ते दाखवलं. मुलांनी माना हलवल्या. दुसऱ्या गटाने पुन्हा गाडी उलटी ठेवली. मी फिरवून दिली. तिसऱ्या गटात अंकिता नावाची चौथीतली मुलगी होती, किरकोळ, दोन वेण्या, बोलणं जवळजवळ नाहीच. तिने माझ्याकडे बघितलं, गाडीकडे बघितलं, आणि शांतपणे गाडी उलटी ठेवली.

मग माझं डोकं फिरलं. "अरे, डोळे दिसत नाहीत का गाडीचे? जायचंय कुठे आणि तोंड कुठे?" असं मी बोलले, आणि बोलले ते चांगलं मोठ्याने. अंकिताने गाडी सुलट केली, ठोकळे लावले, बटण दाबलं. गाडी बिनचूक चालली. कुणी टाळी वाजवली नाही. फुलं ठेवायची होती ती हातातच राहिली. त्यानंतर मी म्हणेन तशी मुलं गाडी ठेवत गेली, आणि ती खेळत नाहीत हे आंधळ्यालाही कळलं असतं.

मुलं जेवायला बसल्यावर मी वन्संना म्हटलं, "किन्हवलीला कसं झालं बघा. यांना दिशाच कळत नाहीत." गुरुजी मागेच उभे होते हे मला दिसलं नाही. ते रागावले असते तर बरं झालं असतं. ते फक्त म्हणाले, "खालच्या शाळेत पण असंच बोलतात मॅडम." आणि ताटं उचलायला गेले.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ज्या माणसाने मला तीन पत्रं लिहिली, त्याच्या पोरांना मी तेच ऐकवलं होतं जे पुसून काढायला त्याने मला बोलावलं होतं.

बुधवार, पाड्यावरच

आदल्या रात्रीचा मुक्काम अंकिताच्याच घरी होता. कुडाची भिंत, पुढे पडवी, पडवीत नाचणीची कणगी. सकाळी तिची आई अंगणात वाल झोडत होती. वन्सं अंकिताजवळ जाऊन बसल्या आणि त्यांनी तो प्रश्न विचारला जो मी आदल्या दिवशी विचारायला हवा होता.

"अंकिता, गाडी तशी ठेवावीशी का वाटली गं तुला?"

मी पडवीत गाडीचं चाक दुरुस्त करत होते, कान टवकारले. वन्सं थांबल्या. चौतीस वर्षांची सवय, मुलाच्या उत्तराची वाट त्या बघू शकतात. मला ते कधी जमलेलं नाही.

शेवटी अंकिता उठली, कंबरेत वाकली, डाव्या हातात रोपांची जुडी असावी तसा हात धरला आणि उजव्या हाताने अंगणात रोपं खोचू लागली. एक ओळ खोचली, एक पाऊल मागे. दुसरी ओळ, आणखी एक पाऊल मागे. तशीच वाकून ती अंगणभर मागे मागे गेली.

"लावनी मागं मागं जाऊन करतात," ती म्हणाली. "तोंड रोपाकडं ठेवाचं. पुढं तोंड केलं तं लावलेलं दिसनार नाय. मंग रांग वाकडी होते."

तिची आई वाल झोडता झोडता थांबली आणि हसून म्हणाली, "बाय, पुढं चालून कोन लावतं गो भात?"

मी आयुष्यात भात लावलेला नाही. शेतात गेले ती द्राक्षं खायला. पाड्यावरच्या अकरा पोरांना ते ठाऊक होतं, मला नव्हतं, आणि दिशा कळत नाहीत त्यांना! त्यांनी गाडी उलटी ठेवलीच नव्हती. जशी त्यांच्या आया, मावश्या खाचरात उभ्या राहतात तशी ठेवली होती. त्यांना वाटलं होतं की लावणी करणारी गाडी मागे जाणारच. मागे न जाणारी गाडी मी केली होती, माझ्या तोऱ्यापायी.

मी अंकिताची माफी मागितली. सरळ शब्दांत, हात जोडून. ती घाबरून आईमागे लपली, ते वेगळं. वन्सं म्हणाल्या, "आता बोलण्यापेक्षा हात चालव." तो कामाचा सल्ला होता.

गाडी मागे जाणं मुळीच अवघड नव्हतं. वळताना तिचं एक चाक उलटं फिरतंच, दोन्ही उलटी फिरवली की झालं. गाडीच्या पोटातल्या चिपमध्ये चार ओळी वाढवायच्या होत्या, लॅपटॉप मी आणलाच होता, आणि एक नवा ठोकळा हवा होता. लाकडाचा तुकडा अंकिताच्या वडिलांनी कोयत्याने तासून दिला. पण सोल्डरिंगची इस्त्री लावली आणि लाइट गेली. दुपारी दोनपर्यंत आली नाही. आली तेव्हा घाईत मी वन्संच्या पदराला इस्त्री टेकवली आणि भोक पाडलं. नवी साडी होती. त्या काय बोलल्या ते इथे लिहीत नाही.

ठोकळा झाला, पण त्यावर खूण काय काढायची? बाकीच्यांवर बाण आहेत. मी मागे वळलेला बाण काढायला घेतला तर अंकिताने पहिल्यांदा आपणहून माझा हात धरला. ब्रश घेतला आणि कंबरेत वाकलेली एक बाई काढली. पाय जरा मोठे झाले, डोक्यावर पावसाचं इरलं. मुलांनी लगेच तिचं नाव ठेवलं लावनीवाली.

चार वाजता सगळे पुन्हा ओट्यावर. गाडी बांधाकडे तोंड करून ठेवली. पाटीवर लावनीवाली, मग लाल, लाल, लाल. गाडी मागे निघाली. तिच्या पुढ्यात एकेक फूल पडत गेलं, रांग सुतासारखी सरळ. शेवटच्या चौकटीत पोचली तेव्हा जो गलका झाला तो वाल झोडणाऱ्या बायकांनी ऐकला आणि त्या बघायला आल्या. मग काय, त्यांनीच पोरांना चुका दाखवायला सुरुवात केली. त्या दिवशी अंधार पडेपर्यंत गाडीला विसावा नव्हता.

गुरुजी खूश होते, पण मुलं घरी गेल्यावर हळूच म्हणाले, "हे आपल्या ओट्यावर झालं. उद्या तिथं काय करतील?"

गुरुवार, मोठी शाळा

सकाळी सहा जणांना जीपमध्ये बसवलं. अंकिताने डोक्याला एवढं तेल लावलं होतं की कपाळ चकाकत होतं. जीपमध्ये सगळी गात होती. शाळेच्या फाटकाशी गाणं बंद झालं.

शाळेबद्दल माझी काडीची तक्रार नाही. मुख्याध्यापक अगत्याचे, मुलं हुशार. हॉलमध्ये सतरंजी घातलेली. पण आमची सहा मुलं आत शिरली आणि कुणी न सांगता दाराशी जाऊन बसली. एकमेकांना चिकटून, हात मांडीखाली. मी बोलवायला तोंड उघडणार, तेवढ्यात वन्संनी माझा दंड दाबला. "तू बोलावलंस तर ती तुझ्यासाठी येतील," त्या म्हणाल्या. गुरुजी खिडकीशी उभे होते. बाहेर बघत होते, बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं.

पाचवीच्या मुलांनी चपला आणून त्यांच्या भिंती केल्या आणि गल्ल्यांचं एक गाव मांडलं. त्यांच्यातला ओम नावाचा मुलगा तरबेज होता. भराभर ठोकळे लावायचा, चुकला तर हसून बदलायचा. त्या गावातली दोन घरं त्याने गाठली. तिसऱ्यासाठी गाडी एका अरुंद गल्लीत घातली आणि गल्ली निघाली बंद. वळायला जागा नाही. पिवळा लावला, गाडी चपलेला धडकली. हिरवा लावला, दुसऱ्या बाजूला धडकली. नवा ठोकळा त्याच्या गुडघ्याशी पडला होता. त्याने उचलून बघितला आणि परत ठेवला. वाकलेल्या बाईचं तो काय करणार? माझ्या जिभेवर उत्तर होतं. मी ते कसं गिळलं ते माझं मला ठाऊक.

"अडकली. उचलायला पाहिजे," ओम म्हणाला आणि त्याने गाडीला हात घातला.

"उचलू नको रे!"

हॉलमधली सगळी डोकी दाराकडे वळली. अंकिता उभी होती. आपण ओरडलो हे तिलाच खरं वाटत नसावं, कारण ती क्षणभर तशीच थांबली. बसते की काय, असं मला वाटलं. पण ती बसली नाही. सतरंजीवरून चालत आली, ओमच्या गुडघ्याजवळचा ठोकळा उचलला आणि पाटीवरचे त्याचे ठोकळे एकेक करून काढले. लावनीवाली, लाल, लाल. बटण दाबलं. गाडी एकाही चपलेला न लागता सरळ मागे आली आणि गल्लीच्या तोंडाशी थांबली.

ओम बघतच राहिला. मग तो चांगला मुलगा, तिला जागा द्यावी म्हणून उठून मागे जाऊ लागला. अंकिताने त्याचा शर्ट धरून त्याला खाली बसवलं.

"मागं नको जाऊ," ती म्हणाली. "मागून दिसत नाय. हितंच बस, दाखवते."

आणि मान न वळवता तिने दाराशी बसलेल्या पाचांना हाक मारली. ते आले. ओमने सरकून जागा केली, दुसऱ्यांनीही केली, आणि थोड्या वेळाने त्या घोळक्यात कोण कुठल्या शाळेचं ते मला ओळखता येईना. बारा-पंधरा हात एकाच पाटीवर होते. मी रडले, वन्संच्या जळक्या पदराला डोळे पुसले. गुरुजी अजून खिडकीशीच होते, पण आता त्यांची पाठ खिडकीकडे होती.